सोळा घरांचं पाणी

५ खुर्दाद, सन १३४० फसली

दुपारी तेलगावहून बैलगाडीनं पोचलो. डेरा गावाबाहेर, चिंचेखाली. एक तंबू डॉक्टरसाहेबांचा, एक माझा, मध्ये कापडी कनात. सामान तपासलं. सूक्ष्मदर्शक शाबूत. काचपट्ट्या चाळीस, त्यांतल्या दोन फुटलेल्या.

काम असं आहे : गावात नारू किती जणांना झालाय ते मोजायचं, पिण्याचं पाणी तपासायचं आणि अहवाल द्यायचा. पुरुष साहेब बघतील. बाया परक्या पुरुषाला पाय दाखवत नाहीत, म्हणून जालन्याच्या दवाखान्यातून मला मागून घेतलं.

वाटेत साहेबांनी विचारलं, "इस तरफ पहले आई हो?" मी म्हणाले, "बचपन में." खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. हे माझंच गाव. बारा वर्षांची होईपर्यंत मी इथं होते. मग प्लेगच्या छावणीत आलेल्या एका नर्सबाईंबरोबर आईनं मला जालन्याला पाठवलं. त्याला नऊ वर्षं झाली. आई अजून इथंच आहे. बायनाबाई, कोळ्याची, सोळा घरांचं पाणी भरते. हे कळलं तर साहेब माझ्या आकड्यांवर भरवसा ठेवणार नाहीत, म्हणून सांगितलं नाही. कारण पटण्यासारखं आहे.

सायंकाळी पाण्याचा नमुना घ्यायला साहेबांबरोबर बारवेवर गेले. गावाला पिण्याचं पाणी या एकाच विहिरीचं. पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. दोरी-पोहऱ्याची सोय नाही. उन्हाळ्याच्या या दिवसांत पाणी इतकं खाली जातं की गुडघाभर पाण्यात उभं राहूनच घागर भरावी लागते. आई तशीच उभी होती. वर बघून तिनं मला ओळखलं, मग साहेबांकडं बघितलं.

"ये कौन?" साहेबांनी विचारलं.

"पानी भरनेवाली है," मी म्हणाले.

आई म्हणाली, "सलाम, बाईसाहेब." आणि घागर डोक्यावर घेऊन वर चढली. मला वाट द्यायला अंग चोरून गेली.

बाटलीवर चिठ्ठी लावली : बारव, खालची पायरी, वेळ पाच वाजून दहा.

६ खुर्दाद

चावडीवर कनात लावून बाया तपासल्या. एकूण बत्तीस. नारू अकराजणींना.

पहिली चाँदबी. आमच्या गल्लीत राहते, सीताफळं-बोरं विकते. पाय पुढं करून म्हणाली, "क्या गे सुंदरा, लई मोठी साहेबीण झालीस! आमाला वळख न्हाई का?" मी कनातीकडं बघितलं. पलीकडं साहेब होते. तिनं आवाज उतरवला. "भिऊ नगं. तुज्या आईनं समद्या गल्लीला बजावलंय. म्हनली, पोरीला कुनी नावानं हाक मारू नका, तिच्या साहेबाला कळता कामा न्हाई. मी तर इसरलेच, मेली!"

मी विचारलं, "नारू कधीपासून?"

"हा बग, लागली कागद काळा करायला. आठ दिस झाले. तुजी आईच काढती ना माजा."

गावात नारू आईच काढते, हे मला ठाऊक होतं. फोड फुटून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा दिसू लागला की ती त्याचं टोक कडुनिंबाच्या काडीला गुंडाळते आणि रोज एकच वेढा देते. जोर केला तर किडा आत तुटतो आणि पाय सडतो. तिच्या हातून कधी तुटला नाही. माझाही तिनंच काढला होता, सतरा दिवसांत. याबद्दल ती कुणाकडून काही घेत नाही.

ती काडी कशी धरते ते चाँदबीनं दाखवलं. रीत शास्त्राला धरून आहे. मग चाँदबी म्हणाली, "आदी बारवंच्या खालच्या पायरीला बशिवती, पाय पान्यात सोडून. आग थांबती आन् दोरा आपसूक भाईर येतो."

मी लिहायचं थांबले. हे मलाही आठवत होतं. त्या पायरीवर मीही बसले होते. पण त्याचा अर्थ तेव्हा माहीत नव्हता.

आई सर्वांत शेवटी आली. लुगडं घोट्याच्या खाली सोडलेलं. पाणी भरताना ती ते गुडघ्यापर्यंत खोचते. साहेब आवाजाच्या टप्प्यात होते. मी म्हणाले, "पाय दाखवा."

"मला काई न्हाई, बाईसाहेब."

तिच्यापुढं वाकून लुगडं वर करायला मला जमलं नाही. बत्तिसाव्या ओळीत 'नाही' लिहिलं. ती पायरी सांभाळत उतरली. वय झालंय.

८ खुर्दाद

पाण्यात किडे सापडले. तिळाच्या पावपट, नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखे. भिंगाखाली दोन किड्यांच्या पोटात नारूची पिल्लं वेटोळं करून पडलेली स्पष्ट दिसली. साहेब खूश झाले. चावडीवर शहादेव पाटलांना भिंगातून दाखवलं. पाटलांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हे आमी पितो?"

साहेबांनी उर्दूत समजावलं, मी मराठीत सांगितलं. नारूवाला पाय पाण्यात गेला की पिल्लं पाण्यात सुटतात. ती हा किडा खातो. आपण किडा पितो. वर्षानं आपल्या पायाला फोड येतो. उपाय दोन. दुखऱ्या पायाचं कुणीही बारवेत उतरायचं नाही, आणि पाणी दुहेरी कापडानं गाळून प्यायचं.

साहेब म्हणाले, गावात कुणी बाई दुखणाइतांना मुद्दाम पाण्यात बसवते असं ऐकतो, तिला ताकीद द्या.

पाटलांनी माझ्याकडं बघितलं. ताकीद द्यायला मीच गेले. आई घरी भाकरी थापत होती. साहेबांचा शिपाई बरोबर होता. म्हणून मी "तुम्ही" म्हणाले. "दुखणाइतांना तुम्ही पायरीवर बसवायचं नाही."

"कावून, बाईसाहेब?"

कारण सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मंजी मी बशिवलं म्हनून लोकांला झाला?"

मी म्हणाले, "काही प्रमाणात."

"बरं. आजपसून न्हाई बशिवनार." मग शिपायाकडं बघून, "बाईसाहेब जेवल्या का?"

मी जेवले आहे असं सांगितलं. जेवले नव्हते.

९ खुर्दाद

'काही प्रमाणात' हे उत्तर बरोबर होतं का, याचा विचार केला. बरोबर होतं. निराळं काही सांगता आलं नसतं. तरी ते दोन शब्द दिवसभर मनातून गेले नाहीत.

नऊ वर्षांत आई जालन्याला एकदा आली. माझं तिसरं वर्ष होतं. एका गावकऱ्याच्या गाडीनं निघाली, उरलेलं पायी. फाटकाशी उभी होती. फडक्यात भाकरी आणि तिळाची चटणी. माझी कामाची पाळी चालू होती. मी पाच मिनिटं बोलले आणि दोनदा घड्याळ बघितलं. ती म्हणाली, "जा, तुजी मानसं खोळंबली आसतील." परतीचा मुक्काम तिनं कुठं केला, हे मी कधी विचारलं नाही.

तिच्या डोक्यावर मधोमध, चुंबळीच्या जागी, केस उरले नाहीत. हे आज प्रथम बघितलं. घागरी घेऊन जाताना ती माझ्या तंबूसमोरून जाते. वाट वाकडी आहे. दुसरी जवळची आहे.

११ खुर्दाद

पुरुषांचे आकडे पुरे झाले. चाँदबीचा नारू आई आता अंगणात काढते. पाय टोपल्यात ठेवून पाणी ओतते, आणि ते पाणी दूर उकिरड्यावर टाकून येते. मी एवढं सविस्तर सांगितलं नव्हतं. तिनं तिचं तिनं ठरवलं.

१४ खुर्दाद

उद्या अखिती, अक्षय्य तृतीया. नव्या मडक्यात पाणी भरून पितरांपुढं ठेवतात, आणि पूजेनंतर उन्हाळाभर घर त्याच मडक्यातलं पाणी पितं. आज सकाळपासून आईनं सोळाही घरांची नवी मडकी भरली. रोजच्या खेपांवर आणखी बत्तीस घागरी. मी मोजल्या.

तिसऱ्या प्रहरी चाँदबी डेऱ्यावर आली. साहेब तेलगावला गेले होते.

"तू डागदरीन हायेस का कोन? तुज्या आईचा पाय बगितला का?"

"तिला काही नाही. कागदावर तसं आहे."

"कागुद! तुजा कागुद चाट! पाडव्यापसून लंगडत चालती बाई. मला वाटलं, तू बगून बी गप हायेस."

घरी गेले. आई भिंतीला टेकून बसली होती. मी काही न विचारता लुगडं वर केलं. उजव्या घोट्याच्या आत, दोन बोटं वर, फोड फुटून जुना झालेला. दोरा दिसत होता. टोक काडीला नव्हतं. काडी बांधून पाण्यात उतरता येत नाही.

"पाडव्यापसून?"

"दोन दिस आदी."

म्हणजे महिन्याहून अधिक दिवस ती रोज चाळीस-पन्नास वेळा तो पाय घेऊन गावाच्या पाण्यात उभी राहिली. शेवटचे नऊ दिवस मी इथं असताना.

मी म्हणाले, "मी सांगितलं होतं ना, दुखणाइतानं पाण्यात जायचं नाही?"

ती खरोखर चकित झाली. "दुखनाइतांला बशिवत न्हाई की मी. मी कुटं दुखनाईत हाय? मी तर काम करते."

तिच्या दृष्टीनं दुखणाईत म्हणजे जो बसून राहतो तो. ती बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

"मग त्या दिवशी पाय का दाखवला नाहीस?"

"दावला आसता तर तुज्या साहेबानं लिवलं आसतं, पानी भरनारीलाच नारू. कुनीतरी म्हनलं आसतं, नर्सबाईची आई हाय ती. तुज्या कामाला डाग कशापाई?" मग जरा थांबून, "आन् अखिती तोंडावर. सोळा घरं कुनी भरली आसती?"

तिनं मला वाचवायला पाय झाकला. मी मला वाचवायला तो बघितला नाही. आम्ही दोघींनी मिळून गावाला ते पाणी पाजलं. फरक इतकाच, की त्यात काय आहे हे मला माहीत होतं.

मागच्या महिन्याचं पाणी लोकांच्या पोटात गेलं, ते परत काढता येत नाही. उद्याचं सोळा मडक्यांत आहे. ते अजून कुणी प्यायलेलं नाही.

साहेब परत आल्यावर लगेच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तिची घरं सुटली असती. इतक्या वर्षांत तिनं स्वतःचं म्हणून काही उभं केलं असेल, तर ही सोळा घरंच.

१५ खुर्दाद, अखिती

उजाडताच आई तंबूच्या दारात उभी. आजवर ती इथं आली नव्हती. घोट्याला कोरडं फडकं बांधलेलं.

"सुंदरे, चल."

"कुठं?"

"पूजा व्हायच्या आत घरं फिरायची. तू म्हनलीस ना कापडातनं गाळलं की किडं वर ऱ्हात्यात?"

"दुहेरी कापडातून. सूत बारीक पाहिजे, आणि कोरं. वापरलेलं कुणी पितरांच्या पाण्याला लावू देणार नाही."

ती विचार करू लागली. घरात कोरं कापड असणं शक्य नव्हतं. मी पेटी उघडली आणि दवाखान्याचं दुसरं पांढरं पातळ काढलं, घडी न मोडलेलं.

"सरकारी हाय ना?"

"हाय," मी म्हणाले.

सोळा तुकडे केले. फाडताना ती एक टोक धरून होती. बरोबर हातभर तुकडा यावा म्हणून कोपरापासून मापत होती.

मला वाटलं होतं की मीच बोलेन, गाळणं समजावून देईन, कारण मोघम सांगेन. तसं झालं नाही. पहिल्याच दारात, सिदू सोनाराच्या, ती पुढं झाली. "वैनी, मडक्यातलं पानी तसंच पिऊ नका. माजा नारूचा पाय बारवंत गेलता. महिना झाला. हे कापड दुपदरी बांधून गाळून घ्या, आन् मगच पितरांला ठिवा."

सोनारीण हातातलं निरांजन तसंच धरून उभी राहिली. "म्हैना झाला? आन् आज सांगती व्हय?"

"व्हय, आज सांगते."

तिनं कापड घेतलं. बोटांच्या टोकांनी.

दुसऱ्या घरी आईला आत येऊ दिलं नाही. तिसऱ्या घरी मडकंच आमच्यासमोर अंगणात ओतलं. आई ते वाहतं पाणी बघत राहिली, मग म्हणाली, "नवं आनून देता येनार न्हाई मला. पाय हाय." वाण्याच्या घरी म्हातारी म्हणाली, "लई पुण्य मिळवलंस गं बायने, गावाचे नारू काढून! आता गावाला वाटलंस." आई पुढच्या दाराकडं वळली. प्रत्येक दारात तेच वाक्य, त्याच आवाजात. एका शब्दानं कमी केलं नाही. मी मागं कापडं धरून.

नवव्या घरापर्यंत मी गप्प होते. नववं घर शहादेव पाटलांचं. ते ओट्यावर होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि आईला नाही, मला विचारलं, "तुमी समदे पाय तपासलेत ना? मंग ह्यो कसा सुटला?"

आई मध्येच म्हणाली, "मी झाकला, मालक. तिला दावलाच न्हाई."

"झाकला हे खरं," मी म्हणाले. "पण झाकलाय हे मला दिसत होतं. माझी आई आहे म्हणून मी वाकले नाही. साहेबांसमोर मला तिची आई म्हणून ओळख नको होती. पाय तिचा, पण सहा खुर्दादपासूनचा दोष माझा."

हे माझ्या तोंडून मोठ्यानं गेलं असावं, कारण घरातल्या बाया दारात आल्या.

पाटील म्हणाले, "गाळायचं कसं, ते दावा."

मी दुसऱ्या मडक्याच्या तोंडाला कापड बांधलं आणि पाणी त्यातून ओतलं. कापडावर उरलेले ठिपके उन्हात हलताना दिसले. आईनं वाकून बघितले. तिनं भिंगातून कधी बघितलं नव्हतं, चावडीवर दाखवलं तेव्हा ती खेपा घालत होती.

"हे व्हय?"

"हे."

"ह्यातलं माज्या पायाचं किती?"

"सांगता येत नाही, आई."

या वेळी 'काही प्रमाणात' म्हणाले नाही. पण खरं म्हणजे दुसरं सांगायलाही माझ्याजवळ काही नव्हतं.

उरलेल्या सात घरांत मी बोलले. आई मागं उभी होती. शेवटच्या दोन घरांना ती भिंत धरून आली.

१६ खुर्दाद

साहेबांसमोर तक्ता ठेवला. बत्तिसाव्या ओळीतलं 'नाही' खोडलं, त्यावर सही केली, आणि शेऱ्याच्या जागेत लिहिलं : 'बायनाबाई, पाणी भरणारी. नारू, उजवा घोटा, एक महिना. तपासणीच्या दिवशी पाय न बघता नोंद केली. ही माझी आई आहे.'

साहेबांनी दोनदा वाचलं. "दस दिन बाद?"

"जी."

"मुझे ऊपर लिखना पड़ेगा."

"जी, लिखिए."

"पहले क्यों नहीं बताया?" आकड्यांवरच्या भरवशाचं कारण माझ्याजवळ तयार होतं. दिलं नाही. साहेबांनी आईला बोलावून घेतलं. आईनं स्वतः लुगडं वर करून त्यांना पाय दाखवला. परक्या पुरुषाला पाय दाखवलेली या गावातली ती पहिली बाई.

ती म्हणाली, "सायेब, पोरीला कामावरनं काडू नगा. तिला लई येतं."

मी भाषांतर केलं नाही. साहेब म्हणाले, "समझा."

ते उद्या गेवराईकडं पुढं जातील. बारा बायांच्या पट्ट्या करायला मला दहा दिवस इथं ठेवलंय. नंतरचं जालन्याचे लोक ठरवतील. तंबू साहेबांबरोबर जाईल. मी आईकडं राहायला आले.

२४ खुर्दाद

बारवेच्या खालच्या पायऱ्यांवर पाटलांनी काट्यांचं कुंपण घातलं. तुळई टाकून रहाट बसवलाय, आता वरूनच पाणी ओढायचं. सोळांपैकी चार घरं आईकडं उरली. पाटलांचं त्यांत आहे. सोनारांचं नाही. चाँदबी रोज येऊन सांगून जाते कोण काय बोललं. आई म्हणते, "तोंड दुकत न्हाई का गं तुजं?" आणि तिला बसायला पाट देते.

चार घरं मी भरते. एका दिवसात मान आखडली. पहिल्या दिवशी घागर अर्धी सांडली. सात वर्षांची एक पोर हसली, ते योग्यच होतं.

आईचा नारू मी काढते. पाच दिवस काडीवर दोरा येईना, जुना झाला होता. आता येतो. रोज एक वेढा, साधारण एक बोट. तिला धीर नाही.

"वड की जरा. इतक्यात तर मी तिगींचे काढले आसते."

"तुटेल."

"तुटत न्हाई. तुजा हात लई भितो."

आज मी म्हणाले, मला काही सांगायचंय. ती म्हणाली, सांग. मी जालन्याहून पत्रात लिहायचं म्हणून पुष्कळदा जुळवलं होतं, की तू मला पाठवलंस, तू इतकी वर्षं पाणी ओढलंस, म्हणून मी... पुढं जमलं नाही. कागदावर त्याचे आभार व्हायचे, आणि आभार आपण डॉक्टरांचे मानतो. घरात तो शब्द कुणी वापरलेला ऐकला नाही. मी काडीकडं बघत राहिले. तिनं वाट बघितली आणि मग, माझी अडचण सोडवावी म्हणून असेल, तिनंच दुसरं काढलं.

"तुज्या दवाखान्यात पानी कुटनं येतं?"

"आड आहे. पोहऱ्यानं काढतात."

"लई लागत आसंल."

"साठ खाटा आहेत. शस्त्रक्रियेचं वेगळं, धुण्याचं वेगळं. दिवसाला दोनशे घागरी सहज."

"कोन काढतं?"

"एक बाई आहे. पहाटेपासून."

"नाव काय तिचं?"

मी आठवायचा प्रयत्न केला. उंच आहे. डाव्या हातात काचेच्या दोन हिरव्या बांगड्या. थंडीत खोकते. नऊ वर्षं रोज सकाळी ती हौद भरते आणि मी त्यात हात धुते.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

आईनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मग तिनं पाय थोडा पुढं सरकवला, म्हणजे मला उजेड मिळेल असा.